विमानं विकली जाईपर्यंत

नोलीनने ते भांडण ऐकलं तेव्हा तिच्या हातात ओली चादर होती. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या शेजारच्या बेटांच्या देशात, रांगीतिकेई नदीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांमध्ये सासऱ्यांचा मेंढ्यांचा मळा. तिथे धुण्याची खोली आणि लोकर कातरायची शेड यांच्या मध्ये एक पत्रा होता, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. तिकडे सासरा क्लॅरी होता, आणि नवरा मर्व.

आदल्या दिवशी दोन लढाऊ विमानं टेकडीला घासतील की काय इतक्या खालून गेली होती. गाभण मेंढ्या बिथरून कुंपणावर जाऊन पडल्या, एकीवर एक. काही मेल्या, काही गाभडल्या. मेलेल्या मेंढ्या क्लॅरीने स्वतःच्या हाताने पुरल्या होत्या आणि आता मर्वलाही पुरायची त्याची तयारी दिसत होती, कारण मर्व खालच्या हवाई तळावर त्याच विमानांची देखभाल करायचा.

“कोणाशी लढणार आहात रे तुम्ही?” क्लॅरी म्हणाला. “इथून खाली दक्षिण ध्रुवापर्यंत पेंग्विन आहेत. त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?”

“लढायला नाहीत ती, बाबा. दाराला कडी असते ना, तसं समजा.”

“माझ्या दाराला कडी नाही. तू जन्मलास तेव्हापासून नाही. आला का कधी चोर?”

मर्व मोठ्याने बोलायला लागला. देश, शेजारधर्म, मोठ्या देशांच्या पंक्तीला बसायचं तर हात हलवत जाता येत नाही, असं बरंच काही. क्लॅरीने ते सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश म्हणाला, “एक दिवस ही सगळी विकायला काढतील. आणि तू फडकं हातात धरून बघत राहशील.”

कोणीतरी बादलीला लाथ मारली. बाहेरची वाट शेडमधूनच आणि दोघं दारातच उभे, त्यामुळे नोलीनला बाहेर जाता येईना. खाली चिखल, त्यामुळे चादर टाकता येईना. पायांवर पाणी ठिबकत ती तशीच उभी राहिली. दोन हट्टी माणसांच्या मध्ये ओलं कापड धरून उभं राहायचं, ही तिची सासरची पहिली जागा. पुढे ती फारशी बदलली असं नाही.

नोलीन रेल्वेच्या वसाहतीतली. बाप रुळांवर काम करायचा, घरात पोरं भरपूर, आणि शाळेत हिचं लक्ष खिडकीबाहेर. पंधराव्या वर्षी ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. कारखाना बुडाला तेव्हा कोणीतरी सांगितलं की हवाई तळावर शिवणखोली आहे, तिथे बायका घेतात. विमानांना शिवणाचं काय काम, असं तिला वाटलं होतं. पण काम होतं, आणि ढीगभर होतं. वैमानिकांच्या आसनांच्या गाद्या, पाण्यात पडले तर तरंगायची जाकिटं, पॅराशूट. विमान धावपट्टीवर उतरलं की वेग मारायला त्याच्या शेपटीतूनसुद्धा एक पॅराशूट उघडायचं. बघणाऱ्यांना वाटायचं, काय सुंदर फूल उमललं. नोलीनला वाटायचं, आता याची घडी मलाच घालायची आहे.

शिवाय खोळी. विमान उभं केलं की त्याच्या तोंडावर, जिथून ते हवा आत घेतं तिथे, लाल कापडाची खोळ चढवायची आणि बंद घट्ट बांधायचे. त्या मुलखात वसंत आला की स्टार्लिंग पक्ष्यांना काही सुचत नाही. आपल्या साळुंकीच्याच भावकीतला हा पक्षी. संध्याकाळी विमान उघडं राहिलं तर सकाळपर्यंत आत अर्धं घरटं तयार, आणि ती काटकीकुटकी इंजिनात गेली की संपलंच. म्हणून खोळ.

मर्व तिला भेटला तो तक्रार घेऊन. खोळीचे बंद सैल पडतात म्हणाला. नोलीनने त्याला बांधून दाखवायला सांगितलं आणि बघितलं.

“बंद नाही सैल. गाठ उलटी आहे तुझी. कोणी शिकवली ही?”

“बाबांनी.”

“मग त्यांचे बूटसुद्धा सुटत असतील.”

सुटायचे. वर्षभरात लग्न झालं. मर्वने गाठ काही बदलली नाही, आणि आयुष्यभर चालता चालता मध्येच वाकून बूट बांधत राहिला.

तळावर रिवाज असा की एकेका विमानाला एकेक माणूस नेमलेला. वैमानिक बदलायचे, साहेब बदलायचे; विमान आणि त्याचा माणूस तोच. मर्वचं विमान त्याच्याइतकंच जुनाट आणि चिडकं. थंडीत सुरू व्हायला कुरकुरायचं. घरी तो त्याच्याबद्दल असा बोलायचा की पाहुण्याला वाटावं, सासूबाई वरच्या खोलीत आजारी आहेत. असाही रिवाज होता की एखाद्या वैमानिकाला जीव वाचवायला उडी मारावी लागली, तर ज्या हाताने त्याच्या पॅराशूटची घडी घातली त्या हातात तो एक बाटली आणून द्यायचा. नोलीनला एकदा मिळाली. मर्व आणि क्लॅरी त्या संध्याकाळी पहिल्यांदा भांडले नाहीत, बाटली संपवण्यात दंग होते. नोलीनच्या वाट्याला बूच आलं. ते तिने सुया टोचायला ठेवलं.

अशी वर्षं गेली. मुलगी झाली, केरिन. ती मोठी झाली, आणि तिने लग्न केलं तेही तळावरच्याच एका मेकॅनिकशी. घरात जेवायला बसलं की टेबलावर तिघंजण विमानाबद्दल बोलायचे आणि नोलीन मीठ पुढे सरकवायची.

मग सरकार बदललं, आणि एका सकाळी रेडिओवर सांगितलं की देशाला आता लढाऊ विमानांची गरज नाही. विमानं जुनी झालीत, नवी परवडत नाहीत, आणि शत्रू कुठे दिसत नाही. शिवणखोलीत किटली उकळत होती, ती कोणी बंद केली नाही. क्लॅरी म्हणायचा तेच बोलणं, फक्त कोट घालून आलेलं. नोलीनला वाटलं आता सासरा फोन करून खिजवेल. त्याने फोन केला, पण मेंढ्यांच्या औषधाबद्दल बोलला आणि ठेवून दिला. तिला त्याचाच जास्त राग आला.

शेवटचं उड्डाण बघायला अख्खं गाव गाड्यांच्या टपांवर चढून उभं होतं. त्यानंतर महिन्याभरात तळावरची तरणीताठी पोरं पांगली. कोणी इंग्लंडला गेलं, बरेच ऑस्ट्रेलियाला. तिथल्या हवाई दलाला अशीच शिकलेली माणसं हवी होती. केरिन आणि जावई ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलजवळ गेले. केरिनला दिवस गेले होते. तिकडे मर्वलासुद्धा बोलावणं होतं. जावयाने साहेबाशी बोलून ठेवलं होतं, घरसुद्धा बघितलं होतं, मागे लिंबाचं झाड असलेलं. नोलीनने मनातल्या मनात त्या झाडाला बाळाचं धुणं वाळत घालायची दोरीसुद्धा बांधून टाकली.

“विमानं विकली जाईपर्यंत थांबू,” मर्व म्हणाला. “नाताळपर्यंत गिऱ्हाईक येतंय. सगळेच गेले तर बघणार कोण त्यांच्याकडे? विकत घेणाऱ्याला शिकवायलाही माणूस लागेल.”

नाताळ म्हणजे काय, आलाच. नोलीन थांबली. पण नुसतं गिऱ्हाईक असून भागत नव्हतं; ज्या देशाने ती विमानं बनवली होती त्याची परवानगीही लागत होती, आणि तो देश कुणाकुणाशी लढण्यात गुंतला होता. नाताळ गेला. केरिनला मुलगा झाला. नोलीनला ते फोनवर कळलं, इस्त्री करताना.

मग ते सुरू झालं. दर काही महिन्यांनी तळावरून निरोप यायचा की परवा लोक बघायला येताहेत. मुलगी दाखवावी तशी विमानं दाखवायची. मर्व आणि उरलेसुरले दोन-तीन जण ती धुवायचे, पुसायचे, चाकं चपटी होऊ नयेत म्हणून थोडी थोडी ढकलून ठेवायचे. आणि सकाळच्या चहाला नोलीनने आल्याच्या वड्या आणायच्या. आपल्याकडच्यासारख्या नव्हेत; खाली बिस्किटासारखा खुसखुशीत थर, वर आलं घातलेला गोड गिलावा. त्या देशात चार माणसं जमली की कोणीतरी घरून काही भाजून आणायचं हे न सांगता ठरलेलं असतं, आणि तळावर ते कोणीतरी म्हणजे नोलीन. येणारे वड्या खायचे, वा वा म्हणायचे, एकाने तर कृतीसुद्धा विचारली. विमानाबद्दल मात्र कळवतो म्हणायचे.

“माझ्या वड्या आतापर्यंत तीन खंडांत खपल्या असत्या,” ती शेजारणीला म्हणाली. “विमान एक खपत नाही.”

परतताना तळाच्या फाटकावरच्या शिपायाला उरलेल्या वड्या द्यायच्या, डब्यासकट. मग पुढच्या खेपेला तो डबा परत मिळायचा, आणि रिकामा कधी नाही. त्यात कधी लिंबं, कधी अंडी, कधी फिजोआ. हे पेरूच्या जातीचं हिरवं आंबटगोड फळ, तिथे पानगळीच्या दिवसांत इतकं पिकतं की लोक एकमेकांच्या दारात पिशव्या ठेवून पळून जातात.

एका वसंतात मोठं गिऱ्हाईक आलं. या वेळी खरंच काही होणार असं सगळे म्हणत होते. नोलीनने वड्यांवर वरून बदाम लावले. पाहुणे रांगेतून एकेक विमान बघत मर्वच्या विमानापाशी आले. तळाचे साहेब म्हणाले, उघडा. मर्वने खोळ ओढली, आणि आतून गवत, पिसं, चॉकलेटची चांदी असा ढीगच खाली आला. मागे घरट्यात चार पिल्लं चोची वासून किंचाळत होती. पाहुण्यांपैकी एकाने हसत हसत फोटो काढला. विचारलं, ही किमतीत धरलीत का? साहेबांची मान लाल झाली. त्यांनी नोलीनकडे बघून म्हटलं, “नोलीन, खोळीला फट राहिली वाटतं.”

तिने वड्या वाटल्या.

सगळे गेल्यावर तिने खोळ घडी घालायला उचलली. शिवण कुठे उसवली नव्हती. कापड फाटलं नव्हतं. खालच्या कोपऱ्यातला एक बंद मात्र आत दुमडून ठेवला होता, पक्षी जा-ये करील एवढी जागा सोडून, आणि तो सुटू नये म्हणून त्याला गाठ मारली होती. उलटी.

घरी तिने मटणाचे चॉप तळले, वाटाणे उकडले, बटाटे कुस्करले. मर्वने ताट पुढे ओढल्यावर तिने विचारलं, “ती फट कोणी ठेवली?”

मर्वने सुरी खाली ठेवली. “अंडी होती आत, नोल. मी बघितली तेव्हा होतीच. बांधून टाकली असती तर मादी बाहेर राहिली असती.”

“आणि गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक काय घरट्यामुळे जातंय का.”

हे खरं होतं. पुढे तो सौदा फिसकटला तो परवानगीवरून. घरट्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण नोलीन त्याबद्दल विचारतच नव्हती.

“खोळ तू मुद्दाम सगळ्यांसमोर ओढलीस. आत काय आहे हे माहीत असून. आदल्या दिवशी मला सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या विमानापाशी नेलं असतं त्यांना.” ती थांबली. “केरिनचा पोरगा चालायला लागला, मर्व. मी त्याला फोटोत चालताना बघितलं. तू मला इथे त्या विमानांपायी बसवून ठेवलंयस, आणि ती विकली जाऊ नयेत म्हणून पाखरं पाळतोयस.”

मर्वने वाटाणे काट्याने इकडून तिकडे केले. मग म्हणाला, “ती गेल्यावर मी सकाळी उठून कुठे जाऊ?”

“माझ्याबरोबर,” नोलीन म्हणाली.

त्याला हे उत्तर कधी सुचलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसलं की तिला हसू आलं असतं, रडू आलं नसतं तर. तिने त्याचं ताट उचललं, अर्धं जेवण तसंच असताना, आणि कुत्र्याला घातलं. साहेबांना तिने काही सांगितलं नाही. गाठ सोडली, बंद सरळ केला. पिल्लं उडून जाईपर्यंत खोळ मात्र घडी करून कपाटात ठेवली.

त्या उन्हाळ्यात ती एकटीच ऑस्ट्रेलियाला गेली. नातवाने तिला दोन दिवस ओळख दाखवली नाही, तिसऱ्या दिवसापासून सोडली नाही. लिंबाचं झाड मात्र दुसऱ्याच कोणाच्या परसात होतं. ते घर केव्हाच दुसऱ्यांनी घेतलं होतं आणि मर्वची जागाही भरली होती. ती आणखी राहणार होती, पण क्लॅरी शेडमध्ये पडून मांडीचं हाड मोडून बसला. करणारं दुसरं कोण? परत आली.

क्लॅरी अंथरुणातून काही पुन्हा नीट उठला नाही. मेंढ्या अजूनही गाभडत होत्या, आकाशात काही नसताना. त्यावरून नोलीनने एकदा त्याला टोचलं, “तुमचं म्हणणं सरकारने ऐकलं ना बाबा, मग आता कशाने गाभडतात?”

“कुत्री असतील, थंडी असेल,” क्लॅरी म्हणाला. “पण कुत्र्याला शिव्या देण्यात ती मजा नाही, पोरी. वर बघून शिव्या देण्यातलं सुख वेगळं.” थोड्या वेळाने म्हणाला, “मर्व काय करतो दिवसभर?”

“विमान पुसतो.”

“उडत नाही ते?”

“नाही.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्याला ते शेडमधलं, फडक्याचं वाक्य आठवत होतं की नाही, तिला कळलं नाही. तिला आठवत होतं. ते त्याने मागे घ्यावं असं तिला फार वाटत होतं. पण क्लॅरीने जन्मात काही मागे घेतलं नव्हतं, एकदा विकलेली मेंढीसुद्धा नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला.

वर्षं नुसती जात राहिली. मर्वचे गुडघे गेले. शिवणखोली बंद झाली, तरी वड्यांचे निरोप यायचेच. केरिनला नंतर मुलगी झाली, तीही फोटोतच चालली. नोलीन दर नाताळला म्हणायची, या वर्षी. मर्व म्हणायचा, परवानगी आली की.

आणि एकदाची आली. निम्मीअधिक विमानं परदेशातल्या एका कंपनीने घेतली. कंपनीचा धंदा असा की दुसऱ्यांच्या वैमानिकांना सराव हवा असला की ही विमानं खोटा शत्रू बनून त्यांच्यावर चालून जायची. 

“आयुष्यभर शत्रू भेटला नाही,” नोलीन म्हणाली, “आणि म्हातारपणी शत्रूचीच नोकरी लागली. बाबा असते तर आज जेवले नसते, हसून हसून.”

मर्वचं विमान त्यातही गेलं नाही. ते फार जुनं म्हणून संग्रहालयाला दिलं.

त्या संध्याकाळी केरिनचा फोन आला. आई, आता या की, म्हणाली. पण आवाजात पूर्वीची ओढ नव्हती, आणि का असावी? मोठा पोरगा आता मिसरूड फुटायच्या वयात, पाहुण्यांच्या खोलीत त्याचे ढोल मांडलेले. ते हलवू म्हणाली. नोलीन म्हणाली, हलवू नकोस, मी ऐकीन. आणि ईस्टरनंतरची दोन तिकिटं काढून आली. मर्वने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. बॅग तिने त्याच्यासाठी पलंगाखालून काढून ठेवली. ती आठवडाभर तशीच उघडी, रिकामी.

विमान न्यायला मोठा ट्रक आला त्या दिवशी तळावरून नेहमीचा निरोप होता. सकाळचा चहा, वड्या आणाव्यात. तिने पहाटे उठून आलं किसलं, पाक केला, गरम असतानाच वड्या पाडल्या, कारण गार झाल्यावर पाडल्या तर कडा फुटतात. डबा भरला. मर्वला गाडीत बसवलं.

पंख आधीच काढून वेगळे बांधले होते, त्यामुळे विमान फारच लहान दिसत होतं, सोललेल्या कोंबडीसारखं. ट्रकवाल्यांनी ते चढवलं. तोंडावरची लाल खोळ तिनेच शिवलेली, उन्हाने आता गुलाबी पडलेली. एक बंद सुटून फडफडत होता. एवढ्या लांबच्या प्रवासात वारा आत शिरणार, पाखरंही शिरतील. नोलीनने शिडी मागवली, ट्रकवाला बाई राहू द्या म्हणत असताना वर चढली, आणि चारही बंद एकेक करून बांधले. सरळ गाठ, दोनदा.

खाली उतरून बघते तर मर्व ट्रकच्या बाजूला उभा. त्याने सकाळी खिशात घालून आणलेलं पिवळं फडकं हातात होतं. पुसायला आता काही हाताशी नव्हतं. ट्रक चालू झाला, फाटकाकडे वळला, आणि तो बघत राहिला, फडकं धरून, त्या दिवशी पत्र्यापलीकडून सांगितलं होतं तसाच्या तसा.

नोलीन त्याच्यापाशी गेली. “आण ते,” म्हणाली, आणि फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. चहाच्या टेबलावर कप उलटले होते, चुरा सांडला होता. तिने टेबल पुसलं, कोपऱ्यांपर्यंत. ओलं फडकं पिळून त्याच्या खांद्यावर टाकलं. “कप गोळा कर. किती वेळ उभा राहणार?”

त्याने कप गोळा केले. वाकून बूट बांधला.

फाटकावर नवी मुलगी होती शिपाई. नोलीनने काच खाली करून उरलेल्या वड्यांचा डबा तिच्या हातात दिला, नेहमीसारखा. मुलीने आतून मागच्या खेपेचा डबा आणून दिला. झाकण लागत नव्हतं इतके फिजोआ भरलेले. वरचे दोन रस्त्यात घरंगळले, ते तिने उचलून परत वर ठेवले.

“हा डबा पुढच्या वेळी देते, मावशी,” ती मुलगी म्हणाली.

“बरं,” नोलीन म्हणाली, आणि गाडी काढली.

थोडं पुढे गेल्यावर मर्वने मांडीवरच्या डब्यातला एक फिजोआ उचलून वास घेतला. “न्यूकॅसलला हे मिळतात का?”

“मला काय ठाऊक. गेल्यावर बघ.”

त्याने तो खिशात घातला. नोलीनने घराच्या रस्त्याला वळायच्या आधी, नेहमीप्रमाणे, दुकानापाशी गाडी थांबवली आणि दूध घ्यायला उतरली.